डिजिटल चित्रात खरेखुरे केस: बट, फट आणि उजेड

आधी एक हिशोब. चित्रातलं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत १५०० पिक्सेल उंच धरा. खऱ्या डोक्याची तेवढी उंची साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला जवळपास ०.१५ मिलिमीटर आलं. माणसाचा केस ढोबळमानाने ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड. म्हणजे एक केस एक पिक्सेलसुद्धा धड भरत नाही, आणि डोक्यावर असे केस लाखभर. तीन पिक्सेलचा ब्रश घेऊन ‘एकेक केस’ काढायला बसलेला माणूस प्रत्यक्षात पाच-सहा केसांच्या जाडीची दोरी काढत असतो. अशा हजार दोऱ्या काढल्या की डोक्यावर सुतळीचा गुंता पडल्यासारखा दिसतो, आणि मेहनत पाण्यात जाते.

डोळ्याला केस कळतात ते बटांमुळे, बटांमधल्या काळोख्या फटींमुळे आणि बटेवरून वळणाऱ्या उजेडामुळे. सुटा केस सगळ्यात शेवटी, आणि तोही मोजून. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

टॅब्लेट आणि कॅनव्हास

टॅब्लेटला, म्हणजे पेनने चित्र काढायच्या पाटीला, दाबाच्या ४०९६ पायऱ्या आहेत की ८१९२, याने केसांच्या कामात काही अडत नाही. अडतं ते प्रेशर कर्व्हपाशी, म्हणजे किती दाबाला किती जाड रेघ या हिशोबापाशी. ड्रायव्हरच्या (टॅब्लेट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये कर्व्ह असा ठेवा की हलक्या दाबाचा टप्पा लांब मिळेल: पेन नुसतं टेकवलं तर रेघ अगदी बारीक यावी, पूर्ण जाडीसाठी जरा जोर लागावा. केसाची रेघ बारीक सुरू होते, मध्ये भरते आणि बारीक होत विरते. हे तिन्ही टप्पे एका फटकाऱ्यात यायचे, तर हाताला तेवढी जागा हवी.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. टॅब्लेटच्या आणि स्क्रीनच्या लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नसेल तर हाताने काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर अंड्यासारखं उमटतं, आणि प्रत्येक बटेचं वळण फसतं. ड्रायव्हरमध्ये ‘फोर्स प्रपोर्शन्स’ किंवा तशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. टॅब्लेटची थोडी पट्टी वाया जाईल, जाऊ द्या.

विंडोजवर फोटोशॉपमध्ये दाब ओळखलाच जात नसेल आणि सगळ्या रेघा एकसारख्या जाड येत असतील, तर पहिला संशय विंडोज इंकवर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या पेन-सोयीवर घ्या. ड्रायव्हरमधली त्याची खूण बदला, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. पेन टेकवल्यावर गोल लहर उमटून रेघ उशिरा सुरू होत असेल, तर पेन दाबून धरल्यावर राइट क्लिक होण्याची सोय बंद करा. स्मूदिंग (हाताची थरथर गाळून रेघ गुळगुळीत करणारी सोय) १० ते २० टक्के पुरे. जास्त ठेवलं की रेघ पेनच्या मागून फरफटत येते आणि टोकाची झपकन सुटणारी शेपटी मरते. केसांची सगळी जान त्या शेपटीत असते.

कॅनव्हास २४०० बाय ३२०० पिक्सेलचा घ्या. वरच्या हिशोबातलं १५०० पिक्सेलचं डोकं त्यात मोकळं बसतं. मनगट एकाच दिशेच्या कमानीत सहज फिरतं, उलट दिशेला अडखळतं. म्हणून हात वाकडा करण्यापेक्षा कॅनव्हास फिरवा: फोटोशॉपमध्ये आर दाबून, क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये ४ आणि ६ ने, सरळ करायला ५. केसांचं काम करताना मिनिटाला दोनदा कॅनव्हास फिरत नसेल, तर काहीतरी चुकतंय असं समजा. लांब बट कोपरापासून ओढायची, मनगटापासून नाही.

ब्रश तीनच

नेटवर ‘हेअर ब्रश’चे संच ढिगाने मिळतात. त्यांनी काम सोपं होतं असं वाटतं, पण एकाच ठशाच्या समांतर रेघा सगळीकडे उमटतात आणि केस कंगव्याने ओरबाडल्यासारखे दिसतात. खालचे तीन ब्रश पुरतात.

पहिला, कडक कडेचा गोल ब्रश. ओपॅसिटी (रंगाचा अपारदर्शकपणा) पूर्ण, आकार दाबाला जोडलेला, किमान आकार शून्य. आकारमान आणि बटा यानेच काढायच्या, १०० ते २५० पिक्सेलवर.

दुसरा, ठिपक्यांचा ब्रश, आणि तो स्वतः बनवायचा. २०० बाय २०० पिक्सेलचा पांढरा कॅनव्हास उघडा. त्यावर उभ्या रांगेत सात ते नऊ काळे ठिपके द्या. ठिपके लहान-मोठे हवेत, त्यांच्यातलं अंतर असमान हवं, दोन-तीन ठिपके करडे हवेत. फोटोशॉपमध्ये ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’ने तो ब्रश म्हणून साठवा. मग शेप डायनॅमिक्समध्ये अँगलचा कंट्रोल ‘डायरेक्शन’ला लावा, म्हणजे फटकारा वळेल तशी ठिपक्यांची रांगही वळेल. रेघा एकमेकींवर चढून एकच बारीक रेघ येत असेल तर ठिपक्यांची रांग ९० अंशांनी फिरवून ब्रश पुन्हा साठवा. ओपॅसिटी दाबाला जोडा. स्पेसिंग, म्हणजे ब्रशच्या ठशांमधलं अंतर, ३ ते ५ टक्के ठेवा. २५ टक्क्यांवर राहिलं तर रेघेऐवजी मण्यांची माळ उमटेल.

तिसरा, साधा गोल बारीक ब्रश, २ ते ६ पिक्सेल. हा हातात येईपर्यंत चित्राचं बहुतेक काम झालेलं असायला हवं.

मऊ एअरब्रश सुरुवातीला एकदाच, मोठी सावली टाकायला वापरा. त्याच्या नादाला लागलं की केसांचं प्लास्टिक होतं.

आधी डोकं

केसांच्या खाली कवटी आहे हे विसरलं की केस टोपासारखे बसतात. म्हणून आधी टक्कल काढा: कवटीची पूर्ण गोलाई, कान, कपाळाची हद्द. त्यावर वेगळ्या लेयरवर (चित्राच्या स्वतंत्र पारदर्शक थरावर) दिशेच्या रेघा मारा. केस कुठून निघतात, म्हणजे भांग आणि टाळूच्या मागचा भोवरा, हे नक्की करा. तिथून बाण काढत खाली या. केस मुळापाशी आधी उभा राहतो, मग वळतो. त्यामुळे केसांची बाहेरची कड कवटीला चिकटलेली नसते. आपल्या मापाने ती ६० ते १०० पिक्सेल, म्हणजे साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, बाहेर धरा. दाट किंवा कुरळ्या केसांत बरीच जास्त.

लेयर चार: मानेमागचे केस, त्यावर त्वचा, त्यावर मुख्य केस, सगळ्यात वर चेहऱ्यावर येणाऱ्या बटा. याहून जास्त लेयर झाले की आपण कुठे रंगवतोय याचा पत्ता लागत नाही.

आता मुख्य केसांचा एक सपाट आकार भरा आणि पाच ते सात मोठे भाग पाडा: टाळूवरचा, भांगाच्या दोन बाजू, कानामागचा, खांद्यावरचा, असे. प्रत्येक भाग वाकलेल्या पत्र्यासारखा समजून त्यावर तीनच छटा द्या: सावली, मधली, उजेडाची. या टप्प्यावर चित्र २५ टक्के झूमवर ठेवा. लांबून पाहताना एकही केस नसलेलं हे चित्र केसांसारखं दिसत नसेल, तर पुढे जाऊ नका. बारीक रेघांनी ही चूक झाकली जात नाही, उलट पक्की होते.

एक बट, जवळून

हात बसण्यासाठी एकच बट वेगळ्या कॅनव्हासवर काढून पाहा. लांबी ९०० पिक्सेल, सगळ्यात रुंद जागी ११० पिक्सेल, सैलसर नागमोडी वळण. उजेड डावीकडून वरून. रंग गडद तपकिरी. पुढचे आकडे ह्यू (रंग), सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा नव्हे, तीव्रता), ब्राइटनेस (उजळपणा) या क्रमाने आहेत.

कडक ब्रशने आकार भरा: २०, ४५, १६. बट मुळापाशी अरुंद असते, कारण ती दुसऱ्या बटेखालून निघते. पोटात रुंद होते आणि टोकाला दोन-तीन असमान शेंड्यांत फुटते. टोक एकाच बिंदूत संपवलं की बट कुंचल्यासारखी दिसते.

पारदर्शक भाग लॉक करा, म्हणजे रंग आकाराबाहेर जाणार नाही. आता ही रिबिन आहे असं समजा. जिथे ती उजेडाला पोट दाखवते तिथे २४, ४०, २७. जिथे पाठ वळवते तिथे आणि मुळाशी १५, ५०, ८. ब्रश मोठाच ठेवा, ८०-९० पिक्सेल.

ठिपक्यांचा ब्रश ४५ पिक्सेलवर घ्या आणि बटेच्या लांबीच्या दिशेने दहा ते पंधरा फटकारे मारा. प्रत्येक फटकारा एका छटेत सुरू होऊन दुसरीत विरायला हवा. मुळापासून टोकापर्यंत एकही जाऊ नये. रंग ब्रशजवळूनच उचला: फोटोशॉपमध्ये ऑल्ट, क्रितामध्ये कंट्रोल दाबून टिचकी. फटकारे मुळाशी जवळ येतात, पोटात पसरतात, टोकाकडे पुन्हा गोळा होतात. सगळे समांतर गेले तर बट पट्ट्यापट्ट्यांच्या कापडासारखी होते.

आता फटी. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि नेमका तोच घाईत सुटतो. बारीक ब्रश ५ पिक्सेल, रंग सावलीहूनही गडद: १५, ५०, ५. टोकाकडून वर शिरणाऱ्या दोन फटी आणि मुळाकडून खाली उतरणाऱ्या दोन काढा. फट तोंडाशी रुंद असते आणि आत जाता जाता सुईसारखी होते. एक लांब, बटेच्या निम्म्यापर्यंत, बाकीच्या आखूड. या चार रेघांनी एका रिबिनीच्या चार-पाच पोटबटा होतात. आता प्रत्येक फटीच्या उजेडाकडच्या काठाला लागून उजळ छटेची एक बारीक रेघ द्या, पण पूर्ण लांबीची नाही, मधला तिसरा हिस्साच. पोटबट फटीवर उठून येते. उजळ केस वरून चढवण्यापेक्षा गडद फटी कोरणं जास्त परिणाम करतं, कारण डोळा खोली गडद जागेतून वाचतो.

शेवटी लॉक काढा आणि बटेच्या कडेतून ३ पिक्सेलचे पाच-सहा केस बाहेर काढा. कोन अगदी लहान, १० ते १५ अंश. दोन-तीन केस बाहेर जाऊन पुन्हा बटेत मिसळावेत.

अशा वीस बटा वेगवेगळ्या वळणांच्या काढून झाल्या की पूर्ण डोकं जड जात नाही.

चमक

केसाच्या पृष्ठभागावर खवल्यांचा पातळ थर असतो. त्यावरून थेट परतणारा उजेड दिव्याच्याच रंगाचा असतो. काही उजेड केसाच्या आत शिरतो, मागच्या भिंतीवर आपटून बाहेर येतो आणि वाटेत केसातल्या रंगद्रव्यातून गाळला जातो. ही दुसरी चमक केसाच्या रंगाची, फिकट आणि पसरट असते. दोन्ही तंतोतंत एकमेकींवर बसत नाहीत, थोड्या सरकलेल्या असतात. संगणकीय चित्रांसाठी हे गणित स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं. चित्रकाराला त्यातून एवढंच घ्यायचं: चमक एकरंगी नसते.

म्हणून आधी उबदार किनार द्या: आपल्या बटेला १८, ६०, ३४. तिच्या आत थंड चमक, खिडकीचा उजेड असेल तर २१५, १५, ५०. पिवळ्या दिव्याखाली हीच चमक पिवळसर. शुद्ध पांढरा कुठेच नको. एका चित्रात ब्राइटनेस ७०च्या वर जाणारे ठिपके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असावेत.

चमकेचा पट्टा बटेला आडवा जातो, पण त्यातला प्रत्येक फटकारा बटेच्या लांबीने जातो. ४० ते १०० पिक्सेलचे असमान फटकारे मारा, दाब मध्यभागी. पट्ट्याच्या दोन्ही कडा आपोआप दातेरी होतात. फटींवरून चमक नेऊ नका. शेजारच्या बटा किंचित वेगळ्या कोनात कललेल्या असतात, म्हणून प्रत्येकीची चमक थोडी वर किंवा खाली सरकते. सगळ्या एका पातळीत आल्या की डोक्याला चकचकीत पट्टी बांधल्यासारखं दिसतं. ओल्या केसांत बटा चिकटून मोजक्या होतात आणि चमक अरुंद, धारदार होते.

काळे आणि पांढरे केस

काळ्या केसांसाठी काळा रंग वापरू नका. ब्राइटनेस शून्य केलात की सावलीला खाली जायला जागाच उरत नाही. मुख्य छटा १० ते १४, फटी ४ ते ५. तपकिरी केसांपेक्षा फरक हा की मधल्या छटा फार कमी असतात: बराचसा भाग जवळजवळ सारखाच गडद आणि एकदम चमक. आतून येणारी रंगीत चमक रंगद्रव्यात जिरते, म्हणून वरची चमकच दिसते, आणि ती आकाशाखाली स्पष्ट निळसर असते. उलट पाठीमागून ऊन येत असेल तर काळ्या केसांच्याही कडा तांबूस तपकिरी पेटतात, कारण तिथे उजेड एक-दोन केसांतूनच पार होतो.

पांढऱ्या केसांचा मुख्य रंग पांढरा नसतो, मध्यम करडा असतो: ब्राइटनेस ५५ ते ६५, सावल्या ३० पर्यंत. त्यांत आजूबाजूचे रंग भरपूर उतरतात. कपड्याचा रंग मानेजवळच्या बटांत थोडा मिसळा.

कपाळाची कड

चांगले रंगवलेले केस इथे येऊन टोप होतात. केस एका रेषेतून उगवत नाहीत. अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या पट्ट्यात हळूहळू दाट होत जातात. आधी त्वचेची सावली आणि केसांचा रंग यांची मिसळ घ्या आणि मऊ ब्रशने, ३० टक्के ओपॅसिटीवर, हद्दीलगत ४०-५० पिक्सेलचा धूसर पट्टा द्या. मग ३ पिक्सेलच्या रेघा या पट्ट्याच्या आत मागेपुढे सुरू करा, कुठलीही दोन मुळं एका ओळीत न आणता. पेन टेकवण्याआधीच हात फिरता ठेवा, म्हणजे मुळाशी गाठ पडणार नाही. कानशिलावर केस आखूड, विरळ आणि फिकट. तिथली लव २ पिक्सेलने, ४० टक्के ओपॅसिटीवर.

भांग म्हणजे पांढरी रेघ नव्हे. तो दोन्हीकडच्या केसांच्या सावलीत असतो, म्हणून कपाळापेक्षा एक छटा गडद. रुंदी ८ ते १४ पिक्सेल, पण सलग नको. पाच-सहा केस तो ओलांडून पलीकडे जाऊ द्या.

कपाळावर आलेली बट सावली टाकते, हे हमखास राहून जातं. मल्टिप्लाय लेयरवर, म्हणजे खालचे रंग गडद करणाऱ्या लेयरवर, तांबूस तपकिरी रंगाने ती सावली द्या. बट जिथे त्वचेला टेकते तिथे सावलीची कड स्पष्ट, जिथे उचललेली आहे तिथे मऊ आणि थोडी दूर.

कुरळे केस आणि वेणी

कुरळ्या केसांत रेघ नाही, स्प्रिंग आहे. प्रत्येक वेटोळ्याचा पुढचा अर्धा उजेडात, मागचा अर्धा जवळपास फटीइतका गडद. चमक प्रत्येक पुढच्या वळणावर एकदा येते, आखूड आणि रुंद. सगळी वेटोळी काढत बसू नका: चेहऱ्याजवळची आठ-दहा नीट, बाकीची गडद वस्तुमानातून डोकावणारी नुसती वळणं.

वेणीचा प्रत्येक पेड शेजारच्या पेडाखालून निघून फुगतो आणि पुन्हा खाली शिरतो. दोन्ही टोकांना गडद, फुगवट्यावर चमक, फटकारे फुगवट्याच्या वळणाने. पेडांच्या सांध्यातून चार-दोन केस सुटलेले हवेत, नाहीतर वेणी दोरखंड होते.

सुटे केस आणि शेवटची तपासणी

सुटे केस पूर्ण डोक्याला वीस-तीस. २ पिक्सेल, ओपॅसिटी ४० ते ६० टक्के, सुरुवात बटेच्या आतून. गडद पार्श्वभूमीवर उजळ, उजळ पार्श्वभूमीवर गडद. काही एकमेकांना छेदू द्या. दहा काढले की चार पुसा.

मग सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला लेयर ठेवून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या लेयरशी मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ करा. चित्र करडं दिसेल आणि छटांची गफलत उघडी पडेल. चित्र आडवं उलटवून पाहा. भांग कवटीवरून घसरला असेल तर लगेच कळतं.

केस अजून गवतासारखे दिसत असतील तर मधल्या रुंदीच्या बटा कमी आहेत: बारीक रेघांचा लेयर झाका आणि ४० पिक्सेलच्या ब्रशकडे परत या. केस हेल्मेटसारखे कडक वाटत असतील तर बाहेरची कड सगळीकडे सारखी धारदार आहे. उजेडापासून दूरच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी ती पार्श्वभूमीत विरघळवा. त्यासाठी स्मज टूल (रंग बोटाने पुसल्यासारखा ओढणारं साधन) ६०-७० टक्क्यांवर, खरखरीत टोकाचा, आणि नेहमी केसाच्या दिशेने. आडवा फिरवलात तर तासाभराच्या बटा एका झटक्यात कापूस होतात.